घणसोली ते घोडबंदर, १३०–१३०

टीव्हीवरच्या शालेय प्रश्नमंजूषेतला आमचा भाग परवाच्या रविवारी दाखवून झाला, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. तोवर शाळेत, सोसायटीत, अगदी घरीसुद्धा तोंडाला कुलूप होतं. चित्रीकरणाआधी आमच्याकडून सह्या घेतलेल्या कागदावर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. टीव्हीवर आमचा सामना जाहिरातींसकट अर्ध्या तासात आटोपला. आम्ही मात्र त्या डिसेंबरातल्या शनिवारी सकाळी पावणेनऊला घणसोली स्टेशनवर भेटलो होतो आणि परत घणसोलीला उतरलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. मधले पावणेचौदा तास मला लिहून ठेवायचे आहेत.

मी नवी मुंबईतल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवते. दूरचित्रवाणीवरच्या शालेय प्रश्नमंजूषेत आमचा चौघांचा संघ निवडला गेला होता, सगळी नववीतली. मुलांची नावं इथे लिहीत नाही, ती लहान आहेत. कर्णधार मुलीचे वडील वाशीच्या मसाला मार्केटात माथाडी, मूळचे जुन्नरकडचे. त्या दिवशी ते खाडा करून आमच्याबरोबर आले होते. दुसरा घणसोली गावातला आगरी मुलगा, आजोबांचं सगळं आयुष्य खाडीत गेलेलं. तिसरीला आम्ही सगळे वहीवालीच म्हणतो, कारण पाचवीपासून ती वर्तमानपत्रांची कात्रणं वह्यांमध्ये चिकटवते आणि प्रवासाला निघतानाही त्यातली एक वही तिच्या पिशवीत असतेच. चौथा मुलगा फार बोलत नाही. वर्गात हात वर करत नाही, पण त्याला विचारलं की उत्तर येतं. संघात त्याला घेताना मुख्याध्यापकांनी मला दोनदा विचारलं होतं, ‘बाई, नक्की ना?’ मी दोन्ही वेळा नक्की म्हणाले होते.

ठाणे लोकलला शनिवारची गर्दी होती, तरी पोरांना दाराजवळ उभं राहायला जागा मिळाली. रबाळे, ऐरोली, दिघा गाव, ठाणे. एवढाच आमचा पल्ला. ही ट्रान्स-हार्बर लाइन प्रवाशांसाठी सुरू झाली २००४ साली. त्याआधी घणसोलीहून ठाण्याला जायचं म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यावर बसची वाट बघत उभं राहायचं. दिघा गाव स्टेशन तर आत्ता, जानेवारी २०२४ मध्ये उघडलं. गाडीच्या उजव्या हाताला पारसिकचा डोंगर, डाव्या हाताला कंपन्यांच्या छपरांपलीकडे खाडी. मी वर्गात नकाशावर दाखवते ते सगळं इथे दोन्ही खिडक्यांतून दिसतं.

चौथा खिडकीबाहेर बघतच नव्हता. तो तिकिटाच्या मागच्या बाजूला वजाबाक्या करत होता. कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने लिहायचे, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करायची. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करायचं. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतं आणि तिथेच थांबतं. त्याने ३५२४ घेतली होती. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली शोधलेला हा स्थिरांक. कर्णधाराचे वडील त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांनी आपल्या मोबाइलचे शेवटचे चार अंक दिले आणि ‘याचंही तेच येतंय का बघ’ म्हणाले. कळव्याच्या खाडीवरून गाडी जाईपर्यंत त्याचंही तेच आलं.

ठाण्याला नऊ नंबरच्या फलाटावर उतरलो. वहीवालीला स्टेशनवर पाय ठेवल्या ठेवल्या कंठ फुटला. बोरीबंदरहून निघालेली भारतातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी इथेच आली होती. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. अंतर ३४ किलोमीटर. तोही शनिवारच होता, हे तिने मला सांगितलं. मला माहीत नव्हतं. घरी येऊन दिनदर्शिकेवरून पडताळलं, बरोबर आहे.

स्टुडिओत दुपारी एकला हजर व्हायचं होतं. हाताशी वेळ होता म्हणून पोरांना तलावपाळीला नेलं. सकाळच्या त्या वेळी मासुंदा तलावाभोवती चालणारी माणसं, गडकरी रंगायतनाच्या बाहेर लागलेले नाटकांचे फलक, कौपिनेश्वराच्या दारातली फुलं. मी लहान असताना आम्ही नौपाड्यात राहायचो, तेव्हा बाबा दर रविवारी इथे आणायचे. पोरांनी आग्रह केला म्हणून मिसळ घेतली. कर्णधाराने मात्र पाव कुस्करून नुसता बाजूला ठेवला होता. पोटात गोळा आला होता तिच्या. तिच्या वडिलांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता तिचा पाव स्वतः खाल्ला.

स्टेशनाबाहेरच्या सॅटिस पुलावरून टीएमटीची बस धरली. ठाण्याचं घोडबंदर रोडशी नातं मला नेहमी घरातल्या धाकट्या, फार वेगाने वाढलेल्या मुलासारखं वाटतं. माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ. माझ्या लहानपणी ही पाड्यांची नावं होती, आता ती टॉवरच्या जाहिरातींमध्ये असतात. रस्त्याच्या मध्यावर मेट्रोचे खांब, दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती, आणि त्यांच्या फटींतून डावीकडे येऊरचा डोंगर. त्या डोंगरामागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, म्हणजे ज्या खिडकीत कंडक्टर तिकीट फाडत होता, त्या खिडकीपासून थोड्याच अंतरावर बिबट्याचं घर. हे मी सांगितल्यावर आगरी पोरगा सीटवरून उठून उभाच राहिला. घोडबंदर हे नाव घोड्यांच्या व्यापारावरून पडलं असं सांगतात. पोर्तुगीजांचा किल्ला अजून पुढे, खाडीच्या तोंडाशी आहे. तिथपर्यंत आम्हाला जायचं नव्हतं. कासारवडवलीच्या पुढे उतरलो आणि एका आडव्या रस्त्याने पंधरा मिनिटं चाललो.

स्टुडिओ म्हणजे बाहेरून पत्र्याचं मोठं गोदाम. या पट्ट्यात मालिकांचे सेट बरेच आहेत. आमच्या शेजारच्या गोदामात कुणाच्या तरी घरातलं लग्न चालू होतं, आणि शालू नेसलेल्या दोन बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून चहा पीत होत्या. आत गेल्यावर पहिली जाणीव थंडीची. दिव्यांच्या उष्णतेसाठी वातानुकूलन एवढं वाढवलेलं असतं की मुलांच्या दंडांवर काटा आला. मग गणवेशाची तपासणी. आमचा बारीक चौकड्यांचा शर्ट कॅमेऱ्यात थरथरतो म्हणून वरून गडद निळे जाकीट चढवायला दिले. कॉलरला माइक, पाठीला त्याची डबी, चेहऱ्याला पावडर. आगरी पोराने पावडर लावून घ्यायला साफ नकार दिला होता. मग मेकअपच्या ताईंनी त्याला सांगितलं की न लावणाऱ्याचं कपाळ टीव्हीवर तव्यासारखं चमकतं. लगेच बसला.

प्रत्यक्ष दिवे लागायला साडेचार वाजले. त्या तीन-साडेतीन तासांत पोरांनी मला नियमांबद्दल नाना प्रश्न विचारले. हा सामना ज्या पद्धतीने खेळला जातो ती आपल्याकडची नाही. अमेरिकेत ‘कॉलेज बाउल’ नावाचा कार्यक्रम १९५३ साली रेडिओवर सुरू झाला, त्याच्यावरून ब्रिटनमध्ये १९६२ साली ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ आला आणि तो आजही चालू आहे. प्रत्येक संघात चौघं. दहा गुणांचा प्रश्न एकेकट्याने सोडवायचा, एकमेकांशी बोलायचं नाही. तो ज्याने सोडवला त्याच्या संघाला पाच-पाच गुणांचे तीन प्रश्न, आणि त्यांवर मात्र चौघांनी मिळून विचार करायचा. उत्तर द्यायचं कर्णधाराने. प्रश्न पूर्ण होण्याआधी बझर दाबून चुकलात तर पाच गुण वजा, आणि मग पूर्ण प्रश्न समोरच्या संघाला ऐकायला मिळतो. आमच्या कार्यक्रमाने हेच नियम घेतले होते. ब्रिटनमधल्या त्या कार्यक्रमात दोन संघ पडद्यावर एकावर एक बसलेले दिसतात, प्रत्यक्षात ते शेजारी शेजारी असतात, हे सांगितल्यावर पोरांना फार मजा वाटली. आमच्याकडेही टेबलं शेजारी शेजारीच होती. मधल्या उंच चौरंगावर प्रश्न विचारणारे सर.

मी स्वतः या खेळात पडले ती १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’ लागायचा तेव्हा. त्याआधी रेडिओवर अमीन सायानींच्या आवाजातली बोर्नव्हिटाची प्रश्नमंजूषा ऐकायचो, पण टीव्हीवर कॉलेजची मुलं बझरवर बोट ठेवून बसलेली बघणं ही गोष्टच वेगळी होती. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंच्या घरी जमिनीवर बसून बघायचे आणि उत्तर आलं तरी मोठ्याने म्हणायचे नाही, कारण ते आपलं घर नव्हतं. आमच्या चौथ्याकडे बघताना मला पुष्कळदा ती बैठक आठवते.

समोरचा संघ ठाणे शहरातल्या एका शाळेचा होता. गेल्या फेरीत त्यांनी मोठ्या फरकाने सामना जिंकला होता. त्यांची कर्णधारही मुलगीच, दोन वेण्या, आणि बझरवर तिचा अंगठा इतका हलका की तो दाबलेला दिसायचाच नाही. नुसता दिवा लागायचा. ज्यांनी ही यंत्रणा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. आठही बझर एका पेटीला जोडलेले असतात, आणि पहिला दाबला गेला की पेटी उरलेले सात बंद करते. दोघांनी एकदमच दाबला असं कधी होत नाही. एक कुणीतरी आधी असतोच, डोळ्यांना न दिसणाऱ्या फरकाने का होईना.

पहिला प्रश्न. ‘६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मराठीतलं पहिलं वृत्तपत्र—’

आमच्या कर्णधाराचा दिवा लागला. ‘दर्पण!’

सरांनी मान हलवली. ‘उणे पाच. प्रश्न पुरा करतो. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र दर्पण सुरू केलं. त्यांनीच १८४० मध्ये सुरू केलेल्या मासिकाचं नाव काय?’

‘दिग्दर्शन,’ दोन वेण्यांची मुलगी म्हणाली. पुढच्या तीनपैकी दोन उत्तरंही आली. उणे पाच विरुद्ध वीस. माझ्या शेजारी कर्णधाराचे वडील बसले होते. ‘बाई, उणे कसं काय? काहीच नाही म्हणजे शून्य ना?’ मी त्यांना कुजबुजत नियम सांगितला. त्यांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट ठेवले आणि नंतर बराच वेळ ते तसेच होते.

आम्ही त्या उणे पाचवर खूप वेळ अडकलो. बाहेर काढलं ते घणसोलीच्या पोराने. चिखलातून पेन्सिलीसारखी वर येणारी मुळं, महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केलेलं झाड कोणतं, असा प्रश्न होता. बझर दाबून तो म्हणाला, ‘सर, चिप्पी!’ सरांनी कागदाकडे बघून विचारलं, ‘कोणती चिप्पी?’ ‘पांढरी. आमच्या खाडीत हाय ना.’ प्रेक्षकांत हसू फुटलं, पण ते कौतुकाचं होतं. त्यावरचे तीन प्रश्न ठाणे खाडीवरच आले. खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला ते वर्ष, २०२२, वहीवालीच्या वहीत होतं. रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून येतो, हेही तिलाच माहीत होतं. मध्यंतराला ४५–८०.

मध्यंतरात पाणी पिताना कर्णधार मला म्हणाली, ‘बाई, माझ्यामुळे.’ मी तिला म्हटलं की दर्पणचं उत्तर तुला प्रश्नाच्या आधी येत होतं, म्हणून चुकलीस. आता फक्त ऐक. आणि शेवटच्या खुर्चीकडेही कान ठेव, एवढंच आणखी बोलले. दुसरं मला काय सांगता आलं असतं, हे अजूनही सुचलेलं नाही.

उत्तरार्धाच्या सुरुवातीला वहीवालीने दहाचा एक प्रश्न घेतला आणि दोन उपप्रश्न आले. ६५–८०. मग सरांनी वाचायला घेतलं, ‘कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सर्व अंक समान नकोत. अंक उतरत्या क्रमाने...’ चौथ्याचा अंगठा बझरवर होता, पण त्याने प्रश्न पुरा होऊ दिला. तोवर समोरच्या टेबलावर कागदावर वजाबाकी सुरू झाली होती. दिवा लागला. ‘सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर.’ माझ्या शेजारी वडिलांनी हात मांडीवरून उचलले आणि जोरात टाळी वाजवली, प्रेक्षकांना टाळ्यांची खूण होण्याच्या आधीच. ‘बाई, हे माझ्या नंबराचं आलं होतं!’

उपप्रश्न कापरेकरांवर. ते कुठल्या गावी शिक्षक होते? देवळाली. आले पाच. दुसरा प्रश्न असा की त्यांनी काही संख्यांना ‘डेम्लो’ असं नाव दिलं, ते ज्या रेल्वे स्टेशनवर सुचलं त्याच्या नावावरून; ते स्टेशन कोणतं? चौथा शेजारणीच्या कानाशी काहीतरी म्हणाला. वहीवालीने ते पुढे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आगरी पोरगा म्हणाला, ‘डहाणू, डहाणूला जन्म झाला ना त्यांचा!’ ते खरंच होतं, कापरेकर डहाणूचेच. वेळ संपत होती. कर्णधाराने डहाणू सांगितलं.

‘डोंबिवली,’ सर म्हणाले.

चौथ्याने खाली बघितलं. कर्णधाराने त्याच्याकडे वळून बघितलं, आणि तिला कळलं. टीव्हीवर हा क्षण दिसत नाही. तिथे कॅमेरा सरांवर आहे. मी मात्र तो समोरून बघितला, आणि त्या क्षणापासून सामना बदलला असं माझं ठाम मत आहे. तिसरं उत्तर, स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या हर्षद संख्या, तिने त्याच्या ओठांकडे बघूनच दिलं. ८५–८०. पहिल्यांदा आम्ही पुढे.

त्यानंतर जे झालं त्याने अर्धा तास चित्रीकरण थांबलं. गोदावरीचा उगम कुठे होतो, हा प्रश्न. समोरच्या संघातल्या मुलाने ब्रह्मगिरी सांगितलं. सरांच्या कागदावर त्र्यंबकेश्वर होतं. चूक धरून प्रश्न आमच्याकडे आला, कर्णधाराने त्र्यंबकेश्वर सांगून दहा घेतले. तेवढ्यात बाजूला हेडफोन लावून बसलेल्या परीक्षक बाईंनी हात वर केला. मी भूगोल शिकवते. माझ्या छातीत आधीच धडधडायला लागलं होतं. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरी डोंगरावर उगम पावते. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि काटेकोर बोलायचं तर त्या मुलाचं जास्त नेमकं. दिवे मंद झाले, पुस्तकं उघडली गेली, फोन झाले. सरांनी आमच्या टेबलाजवळ येऊन विचारलं, तुमचं काही म्हणणं आहे का? कर्णधार उभी राहिली. ‘सर, त्यांचं बरोबर आहे. आमच्या बाईंनी असंच शिकवलंय.’

आमचे दहा काढून घेतले गेले, त्यांना दहा मिळाले, वर त्यांनी उपप्रश्नांचे दहा केले. ८५–१००. प्रेक्षकांत आमच्या बाजूला बसलेल्या एका पालकांनी मागून मला म्हटलं की तिने गप्प राहायला हवं होतं, एवढं खरं बोलायची काय गरज. मी त्यांना उत्तर दिलं नाही. तिचे वडील उजवीकडे ताठ बसले होते. त्या दिवशीच्या सगळ्या गुणांपेक्षा ते एक वाक्य माझ्याजवळ राहिलं आहे.

शेवटची सहा-सात मिनिटं मला सलग आठवत नाहीत. त्यांनी आणखी पंधरा मिळवले, ११५. मग आमच्याकडचा दहाचा प्रश्न आणि त्यावरचे तिन्ही उपप्रश्न बरोबर, ११०. तिन्ही वेळा कर्णधार खुर्चीतून जवळजवळ उठून शेवटच्या खुर्चीकडे झुकली होती, आणि एकदा तर तिने उत्तर स्वतः न देता हात करून म्हटलं, ‘हा सांगेल.’ त्याने सांगितलं. त्याचा आवाज माइकला पुरेसा गेला नाही म्हणून पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा तो मोठ्याने बोलला. मग ते १३०. मग आम्ही दहा, पाच, पाच, १३०. शेवटचा उपप्रश्न सर वाचत असतानाच घंटा वाजली. घंटा झाली की प्रश्न अर्धा असला तरी संपला. समोरच्या फळ्यावर दोन्हीकडे तोच आकडा. डहाणूऐवजी डोंबिवली म्हटलं असतं तर, हे आठवल्याशिवाय राहिलं नाही.

बरोबरी झाली की एकच प्रश्न. बरोबर उत्तर देणारा जिंकतो. पण पुरा होण्याआधी दाबून चुकलात तर पाच वजा, आणि सामना तिथेच संपतो. फ्लोअर मॅनेजरने हे दोन्ही संघांना दोनदा सांगितलं. गोदामात कुणी खोकलंही नाही. शेजारच्या सेटवरच्या लग्नाची सनई भिंतीतून ऐकू येत होती, म्हणून ती थांबवायला माणूस पाठवावा लागला. तो परत येईपर्यंत आठही मुलं बझरवर हात ठेवून तशीच बसली होती.

‘समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंची असलेलं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर—’

दिवा लागला. त्यांच्या बाजूचा. दोन वेण्यांची मुलगी. ‘कळसूबाई.’

सर क्षणभर थांबले. मग हळू आवाजात प्रश्न पुरा केला. ‘—शिखर कळसूबाई. तर राज्यातला सर्वांत उंच किल्ला कोणता?’

१५६७ मीटर, साल्हेर. बागलाणातला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. तिला हे येत असणार, मला खात्री आहे. त्या मुलीला येत नसेल असं त्या दिवशी काहीच नव्हतं. १३०–१२५.

आमच्या पोरांनी उड्या मारल्या नाहीत. टीव्हीवर त्या मारलेल्या दिसतात, कारण त्यासाठी आनंद पुन्हा एकदा चित्रित करून घेतला. पहिल्यांदा चौघंही बसूनच होती. आमची कर्णधार मधला चौरंग ओलांडून गेली आणि तिच्याशेजारी उभी राहिली. काय बोलली ते मला माहीत नाही. माइक काढलेले नव्हते, म्हणजे ध्वनिमुद्रकाला माहीत असेल.

बाहेर पडलो तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. त्यांचे सर आणि आम्ही एकाच बसला चढलो. मेट्रोच्या खांबांखाली वाहनांची रांग लागलेली. मानपाड्यापर्यंत बस चालण्यापेक्षा उभीच जास्त होती. येऊरचा डोंगर आता नुसता काळा. आगरी पोरगा आणि त्यांच्यातले दोघं कुठल्यातरी क्रिकेटपटूवरून तावातावाने वाद घालत होते. दोन वेण्यांची मुलगी बराच वेळ खिडकीला डोकं टेकून होती, मग तिने मागे वळून आमच्या चौथ्याला विचारलं, ‘तुला येत होतं?’

‘साल्हेर येत होतं,’ तो म्हणाला. ‘पण मीही कळसूबाईच म्हणणार होतो. तू आधी दाबलंस.’

ती त्याच्याकडे बघत राहिली. ‘खरंच?’

‘माझाही अंगठा खाली गेला होता. माझा दिवा लागला नाही.’

तिने दप्तरातून चिक्कीचं पाकीट काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने एक तुकडा घेतला, वहीवालीने दोन. माजिवड्याला ती मंडळी उतरली. बस सुटेपर्यंत ती फुटपाथवरून हात हलवत होती आणि कर्णधाराचे वडील खिडकीतून आतल्या बाजूने, जणू आपलीच मुलगी निरोप घेते आहे, तसे दोन्ही हात हलवत होते.

ठाणे स्टेशनला पूल चढताना पोरं थकून भागून ओळीने चालत होती. आमची पनवेल लोकल दहाच्या फलाटावरून होती, आणि पुलावरून जाताना खालच्या फलाटावरच्या इंडिकेटरवर पुढच्या गाडीचं नाव लागलेलं दिसलं. कर्णधार थांबली. चौथा मागून येत होता. तिने त्याची बाही धरून त्याला कठड्याशी आणलं आणि खाली बोट केलं.

डोंबिवली, स्लो.

‘तुझी गाडी,’ ती म्हणाली.

त्याने वाचलं आणि तो हसला. दिवसभरात पहिल्यांदाच, दात दिसेपर्यंत.